कमजोर नेटवर मुक्त विद्यापीठाची पदवी कशी पोचवायची? केंद्र, फोन, परीक्षा, सगळंच

सातपुडा_केंद्र

नमस्कार मंडळी. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-मोलगी पट्ट्यातल्या अभ्यासकेंद्रांसाठी बीएचा दूरशिक्षण अभ्यासक्रम इंटरनेटवरून चालवण्याचा आराखडा करायचा आहे. परिस्थिती अशी: एका केंद्राला साठ-सत्तर विद्यार्थी, शेती-मजुरी सांभाळून शिकणारे. फोन अँड्रॉइड, पण घरात एकच. बाजारपेठेत फोरजी बरं चालतं, पाड्यावर चढलं की सिग्नलची एखादी काडी. केंद्रावर फायबर आलंय, पण तुटलं की जोडायला वेळ लागतो. वीज जाते, पावसाळ्यात जास्तच.

सध्या प्रस्ताव असा आहे की रोज संध्याकाळी दोन तास थेट व्हिडिओवर तास घ्यायचा, स्वाध्याय ऑनलाइन जमा करायचे आणि परीक्षाही कॅमेऱ्याच्या नजरेखाली ऑनलाइन. हे टिकेल का? आणि पैसे मोजकेच आहेत, तर आधी कशावर खर्च करावेत?

---

गोदाकाठ

थेट तास हा पाया ठेवलात तर टिकणार नाही. आधी डेटाचा हिशेब करा, मग बाकीचं.

दूरशिक्षणात १ श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे ३० तासांचे कष्ट. चार श्रेयांकांचा विषय म्हणजे १२० तास. त्यातले २० तास जरी थेट व्हिडिओचे धरले, तरी तासाला साधारण अर्धा जीबी याप्रमाणे एका विषयाला १० जीबी. असे सत्रात चार-पाच विषय. वर थेट तासात जोडणी तुटली की तेवढा भाग गेला, तो परत येत नाही.

तेच व्याख्यान आधी चित्रमुद्रित करून ४८०पी मध्ये (मध्यम दर्जाचं चित्र), आवाज धरून ३०० केबीपीएसला (सेकंदाला ३०० किलोबिट) बांधलं तर तासाला १३५ एमबी. नुसता आवाज ओपस कोडेकमध्ये (आवाज दाबून लहान करण्याची पद्धत) २४ केबीपीएसला ठेवला तर तासाला ११ एमबीच्या आत. बीएच्या इतिहास, मराठी, समाजशास्त्र या विषयांना आवाज आणि वाचायला मजकूर एवढं पुष्कळ होतं. व्हिडिओ अर्थशास्त्रातल्या आलेखांसाठी आणि भूगोलातल्या नकाशांसाठी राखून ठेवा.

व्हिडिओ बनवताना या गोष्टी पक्क्या ठरवून टाका. एक तुकडा ८ ते १२ मिनिटांचा. १० मिनिटांचा तुकडा २२-२३ एमबी भरतो, एखादी काडी असली तरी रात्रीतून उतरतो. नुसत्या स्लाइड असतील तर सेकंदाला ५ चौकटी भरपूर झाल्या. व्हिडिओ दाबायला एच.२६४ ही जुनी पद्धत वापरा, नवे कोडेक स्वस्त फोन गरम करतात आणि बॅटरी खातात. एमपी४ फाइलमधली अनुक्रमणिका (मूव्ह ॲटम) फाइलच्या सुरुवातीला आणणारा ‘फास्टस्टार्ट’ पर्याय एफएफएमपेग या व्हिडिओ-रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये चालू करा. तो विसरला तर अनुक्रमणिका शेवटी राहते आणि बऱ्याच फोनवर फाइल पूर्ण उतरेपर्यंत चित्रच सुरू होत नाही. विद्यार्थ्याला वाटतं फाइल बिघडली, तो ती काढून पुन्हा उतरवतो, डेटा दुप्पट जातो. मुख्य चौकटी (पूर्ण चित्र साठवणाऱ्या) दर १० सेकंदांनी ठेवा, म्हणजे मागेपुढे सरकवता येतं.

मायक्रोफोन तोंडापासून एक वीत. कमी बिटरेटला सगळ्यात जास्त मारक काही असेल तर खोलीतला घुमारा. रिकाम्या वर्गात मुद्रण करू नका. लहान खोली घ्या, भिंतीला जाड गोधड्या लावा. महागड्या माइकपेक्षा याने जास्त फरक पडतो.

---

रेणुका_म

गोदाकाठ, मान्य. मजकुराबद्दल भर घालते, कारण पैसा सगळा व्हिडिओवर जातो आणि पुस्तक तसंच राहतं.

जुनी स्वयंअध्ययन पुस्तकं बहुतेक ठिकाणी श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेली असतात. त्याची पीडीएफ डोळ्यांना ठीक दिसते, पण शोध चालत नाही, मजकूर उचलला की कचरा येतो आणि अंध विद्यार्थ्याचं वाचक सॉफ्टवेअर ते वाचूच शकत नाही. ही पुस्तकं आधी युनिकोडमध्ये (सगळ्या उपकरणांवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत) आणा. रूपांतरक वापरलात तरी रफार, ऱ्ह, क्ष, ज्ञ आणि पहिली वेलांटी माणसाने डोळ्यांखालून घालायला हवी, तिथेच हमखास घोटाळे होतात. पुस्तक स्कॅन करून टाकणं तर टाळाच. ३०० डीपीआयला रंगीत स्कॅन केलेलं दीडशे पानी पुस्तक सहज ऐंशी-शंभर एमबी होतं, तेच युनिकोड ईपब (ई-पुस्तकाची फाइल) एक-दोन एमबीत बसतं आणि फोनच्या रुंदीप्रमाणे ओळी मोडतं. ए४ ची पीडीएफ फोनवर वाचताना प्रत्येक ओळीला बोट डावी-उजवीकडे सरकवावं लागतं. अशी शंभर पानं कोण वाचणार?

स्लाइडवर सहाच्या वर ओळी नकोत. ४८०पी मध्ये अक्षराची उंची ३२ पिक्सेलच्या खाली गेली की मात्रा आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात.

उपशीर्षकं जरूर द्या. १० मिनिटांच्या मराठी उपशीर्षकांची फाइल २५-३० केबीच्या आसपास असते. व्हिडिओ उतरला नाही तरी हीच फाइल टिपण म्हणून वाचता येते.

---

पाच_अँपिअर

आता केंद्राचं बोलू. धाग्यातला पहिला खर्च माझ्या मते इथे.

प्रत्येक केंद्रावर एक स्थानिक सर्व्हर, म्हणजे केंद्रातूनच फोनना सामग्री देणारा संगणक. जुना कार्यालयीन लहान डेस्कटॉप (८ जीबी रॅम, ५०० जीबी एसएसडी) उत्तम. रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक सुद्धा चालतो, पण मग तीन पथ्यं पाळा: एसडी कार्डावर डेटा ठेवू नका, यूएसबीला एसएसडी लावा, वीज गेली की कार्डं मरतात. मोबाइलचा चार्जर लावू नका, ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचाच घ्या. आणि त्यात घड्याळाची बॅटरी नसते, म्हणून डीएस३२३१ हे घड्याळ-मॉड्यूल बसवा. तसं केलं नाही तर इंटरनेट नसताना वीज जाऊन आली की घड्याळ मागे राहतं, स्वाध्यायांवर चुकीच्या वेळा पडतात आणि ‘प्रमाणपत्र अजून वैध नाही’ म्हणून पान उघडत नाही.

फोनना जोडायला पायचं स्वतःचं वायफाय वापरू नका, दहा-बारा फोनांत ते दमतं. दोन बँडचा वेगळा ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारं यंत्र) छताला लावा.

फायदा आकड्यांत बघा. ३० विद्यार्थी, प्रत्येकी ३० एमबी, म्हणजे ९०० एमबी. केंद्राची जोडणी खरोखर ४ एमबीपीएस मिळत असेल तर ३० मिनिटं. स्थानिक सर्व्हरवरून सगळ्यांत मिळून ४० एमबीपीएस मिळाले तरी ३ मिनिटं. बाजाराच्या दिवशी माणूस तीन मिनिटं थांबतो.

वीज: डेस्कटॉप आणि ॲक्सेस पॉइंट मिळून ३५ वॅट धरा. घरगुती इन्व्हर्टरची १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास. निम्मीच वापरायची, त्यातही इन्व्हर्टरमध्ये पाचवा हिस्सा जातो. उरतात ७२० वॅट-तास, म्हणजे वीस तास. पंखा त्यावर जोडला की हे गणित कोसळतं, तेव्हा पंख्याचं बटण वेगळ्या लाइनवर घ्या.

सामग्री केंद्रावर आणायला आरसिंक (फक्त बदललेला भाग उतरवणारं साधन). रात्री १ ते ५, तुटल्यास तिथूनच पुढे सुरू होईल असा पर्याय चालू ठेवून. फायबर आठवडाभर बंद असेल तर ६४ जीबीचा पेनड्राइव्ह एसटीने पाठवा, त्यात फाइलींच्या चेकसमची (फाइल जशीच्या तशी पोचली का ते पडताळायचा आकडा) यादीही टाका. एक बारीक खोच: फाइलींची नावं लांबलचक मराठीत ठेवू नका. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवण्याची पद्धत) ३ बाइट घेतं आणि लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल साठवण्याच्या रचनेत नावाची मर्यादा २५५ बाइट. म्हणजे ८५ चिन्हं, मात्रा-वेलांट्या धरून. विंडोजवर ठेवलेलं लांब नाव पेनड्राइव्हवर टिकतं आणि सर्व्हरवर उतरवताना अडतं. फाइलचं नाव आकडी सांकेतांक, पाठाचं नाव पानावर.

---

सातपुडा_केंद्र

पाच_अँपिअर, हे फार कामाचं आहे. स्थानिक सर्व्हरवर मूडल (ऑनलाइन अभ्यासक्रम चालवणारं सॉफ्टवेअर) आणि विद्यापीठाकडेही मूडल, मग दोन्हींकडच्या नोंदी जुळवायच्या कशा?

---

पाच_अँपिअर

जुळवूच नका. मूडलमध्ये दोन चालू सर्व्हर परस्पर जुळवण्याची सोय नाही, आणि ती घरी बांधायला गेलं की कुठला गुण खरा हा वाद सुरू होतो. केंद्रावरचा सर्व्हर फक्त वाचण्यासाठी: व्हिडिओ, आवाज, पुस्तकं. गुण, स्वाध्याय, प्रश्नोत्तरं एकाच जागी, विद्यापीठाच्या सर्व्हरवर. तिकडे जाणारा डेटा इतका कमी असतो की एका काडीवरही जातो.

अजून एक. केंद्राच्या वायफायवर बाहेरचं इंटरनेट नसेल तर अँड्रॉइड स्वतःहून मोबाइल डेटावर उडी मारतो आणि मग स्थानिक पान उघडत नाही. ‘या वायफायवर इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहायचे का?’ असा प्रश्न येतो, तिथे ‘होय’ दाबायला शिकवा. भिंतीवर त्या पडद्याचं चित्र मोठं छापून लावा.

---

रेणुका_म

इथे मात्र माझा विरोध नोंदवते. केंद्र हा पहिला खर्च नाही.

या भागातली बरीच कुटुंबं दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातात. ती सत्राच्या मध्यावर केंद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असतात. शिवाय लहान मूल असलेली बाई दर आठवड्याला जीप बदलून केंद्रावर येईल हे गृहीत धरू नका. या दोघांसाठी फोन हीच शाळा आहे, आणि फोन सामायिक आहे. आराखडा तिथून सुरू करा.

पहिलं म्हणजे ओटीपीवर प्रवेश देणं बंद करा. नोंदवलेला क्रमांक नवऱ्याचा किंवा भावाचा असतो, तो फोन घेऊन कामावर गेला की हिला ओटीपी मिळत नाही. केंद्राने छापील कार्डावर प्रवेशनाव आणि सहा आकडी पिन द्यावा, विसरला तर केंद्रप्रमुखाला बदलून देता यावा. मूडलच्या ॲपमध्ये एकाच फोनवर अनेक खाती राहतात, भावंडं शिकत असतील तर ते उपयोगी पडतं.

दुसरं, सराव चाचण्या ऑफलाइन सोडवता येतील अशा ठेवा. मूडलच्या ॲपमध्ये ती सोय आहे, पण अटी आहेत: वेळमर्यादा लावायची नाही, अभिप्राय शेवटी मिळणारा ठेवायचा, प्रश्न क्रमानेच सोडवायची सक्ती काढायची. यातली एकही चुकली तर ॲप मुकाट्याने नेट मागतं आणि कारण कुणाला कळत नाही. चाचणी आधी उतरवून घेतलेली असली पाहिजे, हेही सांगावं लागतं.

तिसरं, व्हॉट्सॲपचे गट. साध्या गटात प्रत्येक मुलीचा क्रमांक सगळ्यांना दिसतो आणि त्यातून त्रास सुरू झाला की घरचे आधी फोन काढून घेतात, मग शिक्षण. ‘कम्युनिटी’तला सूचनांचा गट वापरा, तिथे सदस्यांना एकमेकांचे क्रमांक दिसत नाहीत. ब्रॉडकास्ट यादीवर विसंबू नका: एका यादीत २५६ जण, आणि ज्यांनी पाठवणाऱ्याचा क्रमांक जतन केलाय त्यांनाच निरोप पोचतो.

---

गोदाकाठ

रेणुकाताई, ऊसतोडीचा मुद्दा बिनतोड आहे. मग दोन्ही एकत्र बांधू: निघण्याआधी केंद्रावर येऊन पूर्ण सत्राची सामग्री ३२ जीबीच्या मेमरी कार्डावर. पाच विषय, प्रत्येकी १० तास व्हिडिओ धरला तरी सात जीबीच्या आत बसतं. बाहेरगावी असताना फक्त चाचणीचे निकाल आणि स्वाध्याय जातील.

एसएमएसबद्दल राहिलं. सगळ्यांच्या फोनवर पोचणारी सूचना अजूनही तीच. मराठी एसएमएस युनिकोडमध्ये जातो म्हणून एका संदेशात ७० चिन्हं, इंग्रजीत १६०. लांबला तर प्रत्येक तुकडा ६७ चिन्हांचा. म्हणजे १५० चिन्हांची मराठी सूचना तीन एसएमएसची किंमत घेते. मजकूर डीएलटीवर (संस्थांच्या एसएमएसची नोंदणी-व्यवस्था) आधी नोंदवावा लागतो आणि नोंदवलेल्या साच्याशी शब्द जुळला नाही तर संदेश अडवला जातो. तारखा, केंद्राचं नाव, विषय हे बदलते रकाने ठेवून चार-पाच साचे सत्राआधीच मंजूर करून घ्या. ‘स्वाध्याय क्र. ३, समाजशास्त्र, शेवटची तारीख १२ जानेवारी’ एवढं पुरतं, आणि ते एकाच एसएमएसमध्ये मावतं.

---

तांबडी_माती

उपग्रहाचा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहितो, कारण ‘फायबर तुटतंय तर व्हीसॅट (छोट्या तबकडीची उपग्रह जोडणी) लावा’ असा सल्ला हमखास येतो.

हा मार्ग जगाने बराच चालून पाहिला आहे. फिजीतल्या सुवा इथलं साउथ पॅसिफिक विद्यापीठ १२ देशांचं, बेटं समुद्रात विखुरलेली. त्यांनी १९७० च्या दशकात एटीएस-१ उपग्रहावरून नुसत्या आवाजाचे शिकवणी वर्ग घेतले. आफ्रिकन व्हर्च्युअल युनिव्हर्सिटी १९९७ मध्ये जागतिक बँकेचा प्रकल्प म्हणून सुरू झाली. परदेशी विद्यापीठांची व्याख्यानं उपग्रहावरून आफ्रिकेतल्या वर्गांत दाखवायची अशी ती योजना होती. पुढे संस्था नैरोबीला गेली आणि भर तिथल्या विद्यापीठांसोबत अभ्यासक्रम तयार करण्याकडे वळला. आपल्याकडे एज्युसॅट हा शिक्षणासाठीचा उपग्रह २० सप्टेंबर २००४ ला सोडला, २०१० मध्ये तो निवृत्त झाला. अशा योजनांत उपग्रह संपतो किंवा निधी आटतो तेव्हा गच्चीवरच्या तबकड्या तशाच राहतात. म्हणून सामग्री कुठल्याही वाहिनीवरून जाईल अशी बनवणं हे वाहिनीपेक्षा महत्त्वाचं.

भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतो. जाऊन-येऊन उत्तर मिळायला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो. एक मोठी फाइल ठीक उतरते, पण पन्नास छोट्या फाइली मागणारं मूडलचं पान रडत उघडतं. वर केयू बँडला (उपग्रह तबकड्या वापरतात ती लहरपट्टी) पावसाची धार सहन होत नाही, आणि सातपुड्यात नेमकं जून ते सप्टेंबर पहिलं सत्र.

त्याउलट फुकट मिळणारी गोष्ट वापरा: स्वयंप्रभा या शैक्षणिक टीव्ही वाहिन्या. डीडी फ्री डिशच्या तबकडीवर दिसतात, डेटा शून्य. रोज किमान चार तासांचा नवा भाग आणि तोच दिवसभरात आणखी पाच वेळा, त्यामुळे रात्री मजुरीहून आलेल्यालाही सापडतो. तबकडी तुमच्याकडून आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५५ अंश वर. डोंगर सहसा आड येत नाही, अंगणातला आंबा येतो. केंद्राने फक्त एक करावं: आपल्या अभ्यासक्रमातला कुठला पाठ कुठल्या वाहिनीवर कधी आहे, त्याचं पंधरवड्याचं वेळापत्रक छापून द्यावं.

---

सातपुडा_केंद्र

परीक्षेचं राहिलं. कॅमेरा लावून घरून परीक्षा, हा आग्रह वरून आहे.

---

पाच_अँपिअर

प्रत्येक परीक्षार्थ्याकडून तास-दोन तास अखंड कॅमेरा वर चढवायचा म्हणजे दोन-तीनशे केबीपीएस अपलोड सतत हवा. पाड्यावर तो मिळत नाही. एका खोलीच्या घरात मागून माणूस गेला की यंत्र संशयाची खूण करतं. गरीब विद्यार्थीच जास्त अडकतो. सत्रान्त परीक्षा केंद्रावर कागदावर असू द्या, ऑनलाइन ठेवायचंच तर अंतर्गत मूल्यमापन.

केंद्रावर संगणकीय चाचणी घ्यायची असेल तर वेगळं मूडल, फक्त त्या दिवसापुरतं. प्रश्नसंच कुलूपबंद फाइल म्हणून दोन दिवस आधी पोचवा, किल्ली अर्धा तास आधी फोनवर. चाचणी संपली की उत्तरांची फाइल बाहेर काढा, तिचा चेकसम कागदावर लिहून केंद्रप्रमुख आणि पर्यवेक्षकाची सही घ्या. नेट आलं की फाइल वर चढवा. माहिती एका वेळी एकाच दिशेने जाते, म्हणून जुळवाजुळवीचा प्रश्न येत नाही.

विद्यापीठाच्या मुख्य सर्व्हरवर एकाच वेळी ५,००० जण चाचणीला बसणार असतील तर दोन ठिकाणी कोंडी होते. सुरुवातीला: ‘सुरू करा’ दाबल्यावर प्रत्येक प्रश्नाची नोंद डेटाबेसमध्ये तयार होते, सगळ्यात जड क्षण तोच. सगळ्यांना ठीक १० वाजता सोडू नका, गटागटाने १० मिनिटांत विभागा. दुसरी कोंडी आपोआप जतन होण्याची: मूडल मुळात दर मिनिटाला उत्तरं जतन करतं, म्हणजे ५,००० भागिले ६०, सेकंदाला ८३ विनंत्या फक्त जतन करायला. दोन मिनिटांवर नेलं की निम्म्या. लॉगिन-सत्रांच्या नोंदी रेडिसमध्ये (मेमरीतला वेगवान साठा) ठेवा, आणि क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं उरकणारी व्यवस्था) दर मिनिटाला चालतोय ना ते आदल्या दिवशी बघा. तो बंद असला तर वेळ संपलेल्या चाचण्या उघड्याच लटकतात.

आणि हे नक्की तपासा: एकाच आयपीवरून (इंटरनेटवरचा पत्ता) जास्त चुकीचे पासवर्ड आले तर तो पत्ता बंद करणारी व्यवस्था. अख्खं केंद्र बाहेर एकाच आयपीने दिसतं, मोबाइल कंपन्यांचे हजारो ग्राहकही एकेका आयपीमागे असतात. चार जणांनी पिन चुकवला की सगळं केंद्र बाहेर फेकलं जातं. बंदी खात्यावर लावा, पत्त्यावर नको.

---

सातपुडा_केंद्र

आभार. म्हणजे क्रम असा लावतो: आधी पुस्तकं युनिकोडमध्ये आणि ध्वनिपाठ, मग मेमरी कार्डं आणि पिनची कार्डं, त्यानंतर केंद्राचा सर्व्हर. थेट तास आठवड्यातून एकदा, फक्त शंकांसाठी, आवाजावर. स्वाध्यायांचं एक विचारतो. हाताने लिहिलेल्या वहीचे फोटो चढवायला सांगितलं तर चालेल ना?

---

रेणुका_म

चालेल, पण साधे फोटो घेऊ नका. एका पानाचा फोटो ३-४ एमबी, वीस पानांचे सत्तर एमबी. अपलोड अर्ध्यावर तुटतं किंवा सर्व्हरची मर्यादा ओलांडली म्हणून नाकारलं जातं आणि विद्यार्थ्याला शेवटच्या रात्री कळतं. स्कॅनर ॲपमधून राखाडी छटेत, १५० डीपीआयला घेतलं तर पान १५०-२०० केबी, वीस पानं ४ एमबीत. निळ्या-काळ्या पेनाने लिहायला सांगा, पेन्सिल राखाडीत पुसट होते. मूडलची मर्यादा १० एमबी ठेवा, आणि मूडल ज्यावर चालतं त्या पीएचपीच्या दोन्ही मर्यादा (फाइलची आणि एकूण पाठवणीची) त्याहून जास्त आहेत ना, ते बघा.

त्याहून महत्त्वाचं, तपासून परत काय जातं. नुसते गुण गेले तर सहा महिने एकट्याने अभ्यास करणारा माणूस शिक्षण सोडतो. मार्गदर्शकाने प्रत्येक स्वाध्यायावर दोन मिनिटं बोलून ध्वनिफीत जोडावी: कुठलं उत्तर का चुकलं, पुस्तकातलं कुठलं पान पुन्हा वाचायचं. २४ केबीपीएसला ती ३६० केबीची होते, एका काडीवरही पोचते. मार्गदर्शकांच्या मानधनात या वेळेचे पैसे पहिल्या अंदाजपत्रकापासूनच धरा. एका केंद्राचे ७० विद्यार्थी, पाच विषय, सत्राला दोन स्वाध्याय म्हणजे ७०० ध्वनिफिती. वाचणं, तपासणं आणि बोलणं मिळून एकाला २० मिनिटं धरली तर २३० तासांच्या वर जातं. हा आकडा अंदाजपत्रकात नसेल तर ध्वनिफिती पहिल्या महिन्यातच बंद पडतील.